दुसरी खोली घेण्याआधी

निवृत्तीचा पैसा हातात आला की घरी पाहुण्यांची वर्दळ वाढते, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. आम्हालाही तो आला. आमच्यापैकी एकाने बत्तीस वर्षे बसवर वाहकाची नोकरी केली, दुसरीने जवळपास तितकीच वर्षे घरात शिलाई मशीन चालवले. २०१७ साली फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून १७ लाख रुपये बँकेत जमा झाले. एवढी रक्कम आम्ही जन्मात पाहिली नव्हती. आठ दिवसांत एक जण दामदुपटीची योजना घेऊन आला, दुसऱ्याने भिशी सुचविली, तिसऱ्याला टेम्पोसाठी हातउसने हवे होते. आमच्या मनात मात्र एकच होते. भाड्याने देता येईल अशी एक जागा घ्यावी, म्हणजे म्हातारपणी चार पैसे येत राहतील आणि मुलांनाही आसरा होईल.

पण यापूर्वी एकदा आमचा हात चांगलाच पोळला होता. ती हकिगत सांगायला लाज वाटते, तरी सांगतो. कारण तीच चूक आजही घराघरांत होत आहे.

२०११ साली कल्याणच्या पलीकडे एका चाळीत आम्ही ३ लाख ४० हजारांना खोली घेतली. विकणारा ओळखीचा होता, ओळखीच्यांच्या ओळखीचा. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर करार झाला, नोटरीचा शिक्का बसला, लाल गोल शिक्का पाहून आमचे समाधान झाले. त्या पैशांत एक लाख रुपये आमच्या थोरल्या वहिनींचे होते. दादा गेल्यानंतर वहिनी शाळेत खिचडी शिजवून घर चालवीत होत्या. मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी त्यांनी ते साठविले होते. तीन वर्षांत वाढवून देऊ असे आम्ही म्हणालो. त्या खोली पाहायलासुद्धा आल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही पाहिले म्हणजे मी पाहिले."

२०१४ साली ती चाळ बेकायदा ठरली आणि पाडली गेली. आम्ही कागद घेऊन वकिलाकडे धावलो. ते म्हणाले, "हा खरेदीचा कागदच नाही. नोटरीने फक्त सही तुमची आहे एवढे पाहिले, जागा कोणाची हे पाहिले नाही." स्थावर मालमत्तेची खरेदी दुय्यम निबंधकांकडे नोंदविल्याशिवाय मालकी मिळत नाही. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर किंवा साध्या करारावर जागा आपली होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०११ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. आम्ही खोली घेतली ते साल तेच.

वहिनींनी एका शब्दाने विचारले नाही. मुलीने एक वर्ष दवाखान्यात मदतनीस म्हणून काम केले आणि मग शिक्षण सुरू केले. तो एक लाख आमच्या मनावर होता. म्हणून दुसऱ्या वेळी पाऊल टाकताना आम्ही दीड वर्ष घेतले. त्या दीड वर्षात जे शिकलो ते येथे देतो.

कागद आधी, भिंत नंतर

जागा पाहायला गेलो की आपण टाईल्स पाहतो, खिडकी पाहतो, वारा येतो का ते पाहतो. हे सगळे पाहावे, पण कागद पाहिल्यावर. आम्ही बदलापूरला एक खोली-स्वयंपाकघराचा जुना फ्लॅट पसंत केला. स्टेशनपासून बारा मिनिटांवर, दुसरा मजला. विकणाऱ्याला आम्ही आधी कागदांच्या झेरॉक्स मागितल्या. बिल्डरने पहिल्या मालकाला करून दिलेला नोंदणीकृत करारनामा, त्यानंतर जितक्या वेळा हात बदलला तितके करार, सोसायटीचा भाग दाखला, पालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, जमिनीचा सातबारा व बिगरशेती आदेश, घरपट्टीची आणि विजेची ताजी बिले. मधला एक करार हरवला असे कोणी म्हणाले तर तेथेच थांबावे. साखळीतील एक कडी तुटली की पुढच्या खरेदीला अर्थ उरत नाही.

सूची क्रमांक दोन, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, हा उतारा फार उपयोगी आहे. विकणारा कोण, घेणारा कोण, जागा कोणती, किंमत किती, हे सर्व त्यावर असते. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो. मुलाने मोबाइलवर काढून दाखविला, तरी आम्ही स्वतः दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो. आपली माणसे कचेरीच्या पायरीला भितात. साहेब ओरडेल, इंग्रजी विचारील, असे वाटते. आम्हीही भीत होतो. दोन वेळा रांग चुकली, तिसऱ्या वेळी काम झाले. कोणी ओरडले नाही. त्याशिवाय वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घेतला आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना दिली. चौदा दिवसांत कोणाची हरकत आली नाही.

नव्या इमारतीत घर घेणार असाल तर आणखी एक गोष्ट. १ मे २०१७ पासून रेरा कायदा पूर्णपणे लागू आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात मोठा दोष निघाला तर तो त्याने विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. महारेराचा क्रमांक मागावाच. पण केवळ क्रमांकावर विसंबू नये. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी पालिकेचे खोटे परवाने जोडून हा क्रमांक मिळविल्याचे २०२२ मध्ये उघड झाले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. कर्ज काढून घर घेतलेली कष्टकरी कुटुंबे त्यात अडकली. म्हणून परवान्याची प्रत घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात जावे आणि हा परवाना तुम्हीच दिला आहे का, असे लेखी विचारावे. एक अर्ज आणि दोन खेपा, एवढाच त्याला खर्च.

जागा पावसाळ्यात पाहावी, हेही आमचे ठाम मत झाले आहे. नदीकडच्या बाजूला आम्हाला याहून स्वस्त आणि मोठा फ्लॅट मिळत होता. जुलै महिन्यात मुद्दाम गेलो तर जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत ओल होती. तळमजल्यावरच्या एका मावशींना विचारले. त्या म्हणाल्या, "बाई, पलंगाखाली विटा लावल्यात त्या उगाच नाही." आम्ही परत फिरलो. पुढच्याच वर्षी, २७ जुलै २०१९ ला, उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकली ते आपण सर्वांनी दूरदर्शनवर पाहिले. दलालापेक्षा पाणी भरणाऱ्या बायका खरे सांगतात. पाणी किती वेळ येते, टँकर लागतो का, लिफ्ट किती दिवस बंद असते, हे त्यांनाच विचारावे.

हिशेब कागदावर मांडावा

फ्लॅटची किंमत साडेपंधरा लाख ठरली. विकणाऱ्याने तीन लाख रोखीने मागितले. आम्ही नाही म्हणालो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तितकाच दंड होऊ शकतो, आणि रोख दिलेल्या पैशाचा आपल्याकडे पुरावाही राहात नाही. महिनाभर तो अडून बसला, मग पूर्ण रक्कम चेकने घ्यायला तयार झाला. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, दलाली आणि सोसायटीची हस्तांतरण फी मिळून १ लाख ६० हजार गेले. हा खर्च पुष्कळजण धरीतच नाहीत. आणि बँकही साधारणपणे हा खर्च घराच्या किंमतीत धरून कर्ज देत नाही, तो आपल्या खिशातूनच जातो. २०२१ पासून केवळ स्त्रीच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. आमच्या वेळी ती नव्हती. आता घेणाऱ्यांनी तिचा विचार जरूर करावा. पैसाही वाचतो आणि घरही घरातल्या बाईच्या नावावर होते.

दुरुस्तीला १ लाख २७ हजार लागले. म्हणजे सर्व मिळून सुमारे १८ लाख ४० हजार. आमच्या १७ लाखांतले ५ लाख आम्ही ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले आणि त्यांना हात लावायचा नाही असे ठरविले. उरलेले घरात घातले आणि ६ लाख कर्ज काढले. मुलाचा पगार जोडला म्हणून आमच्या वयाला कर्ज मिळाले. हाती पैसे असले तरी थोडे कर्ज काढण्यात एक फायदा आहे. बँकेचा वकीलही कागद तपासतो. तो आपला वकील नव्हे हे खरे, पण दोन डोळे अधिक.

त्या वेळी व्याज ८.७ टक्के होते. बँकेतील साहेबांनी वीस वर्षांची मुदत सुचविली, हप्ता सुमारे ५,२८० रुपये. दहा वर्षांची घेतली तर ७,५००. पहिला हप्ता हलका वाटला. मग घरी येऊन वहीत गुणाकार केला. वीस वर्षांत ६ लाखांचे पावणेतेरा लाखांच्या जवळ भरावे लागतात, दहा वर्षांत नऊ लाख. साडेतीन लाखांहून जास्त फरक. आम्ही दहा वर्षे घेतली. बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज मुदतीआधी फेडले तर बँकेला दंड लावता येत नाही, हे लक्षात ठेवावे आणि जमेल तेव्हा पाच-दहा हजार जास्तीचे भरावे. व्याज वाढले की अनेकदा हप्ता तोच ठेवून महिने वाढविले जातात. वर्षातून एकदा विवरणपत्र मागून महिने मोजावेत.

आता भाड्याचा हिशेब. भाडे ५,००० ठरले, वर्षाचे ६० हजार. त्यातून सोसायटीची देखभाल ९,६००, घरपट्टी २,८००, भाडेकरू ठेवल्याबद्दलचे जादा शुल्क व किरकोळ हजारभर, आणि एखादा महिना जागा रिकामी राहील म्हणून ५ हजार वजा केले. उरले ४१,६००. आमच्या १८ लाख ४० हजारांवर हे शेकडा सव्वादोन टक्के होतात. त्याच वर्षी ज्येष्ठ नागरिक योजनेत आठ टक्क्यांहून जास्त व्याज मिळत होते. वाचकहो, हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत. "भाड्यातून हप्ता सुटेल" असे जो सांगतो त्याच्याकडून हा हिशेब लिहून घ्यावा. आमचा सुटला नाही, दरमहा मुलाच्या पगारातून भर घालावी लागली. घराची किंमत वाढेलच असेही कोणी छातीठोक सांगू शकत नाही. दुसरे घर घ्यावे ते दहा-पंधरा वर्षे पैसा अडकला तरी चालेल अशांनी, आणि सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवून. ज्याला दर महिन्याला औषधपाण्यासाठी पैसा लागतो त्याने सगळी पुंजी विटांत घालू नये.

दुरुस्ती: आधी पाणी, मग वीज, शेवटी रंग

फ्लॅट ताब्यात आला तेव्हा स्वयंपाकघराची भिंत ओली होती. जुन्या मालकाने त्यावर नुकताच रंग मारला होता. पहिल्या रंगाऱ्याने पुट्टी लावून देतो म्हणून सांगितले. एका जुन्या गवंड्याने मात्र आधी वर पाहिले. वरच्या घराच्या मोरीतून पाणी झिरपत होते. वरच्या घरातील संडास-मोरीची गळती त्या सभासदाने दुरुस्त करायची असते, गच्चीची आणि बाहेरच्या पाइपांची सोसायटीने. आम्ही सोसायटीला पत्र दिले, वरच्यांशी गोडीने बोललो, चहा प्यालो, तरी दोन महिने गेले. पण उगम बंद झाल्याशिवाय भिंतीला हात लावला नाही.

आमच्या मोरीची फरशी उखडली, विटांच्या तुकड्यांचा कोबा करून वॉटरप्रूफिंग केले आणि फरशी बसविण्याआधी दोन दिवस पाणी तुंबवून ठेवले. खालच्या घरात ओल आली नाही हे पाहूनच पुढचे काम केले. मग वीज. जुनी वायर काढून तांब्याची टाकली, दिव्यांना दीड, प्लगांना अडीच आणि गिझरला चार चौरस मिलिमीटरची. अर्थिंग तपासून घेतले आणि धक्का बसताच वीज तोडणारे यंत्र बसविले. भाड्याच्या घरात लोक यावर पैसे वाचवितात. पण तेथे कोणाचे तरी लेकरू राहणार असते. भिंत पूर्ण वाळल्यावर साधा डिस्टेंपर मारला. ओटा जुना कडाप्प्याचाच ठेवला, फक्त घासून घेतला. गुळगुळीत ग्रॅनाइटने भाडे पाचशे रुपयांनी वाढत नाही, कोरड्या भिंतीने भाडेकरू टिकतो.

अंदाज ९० हजारांचा होता, झाले १ लाख २७ हजार. म्हणून दुरुस्तीच्या अंदाजावर तिसरा हिस्सा वाढवूनच धरावा. मिस्त्रीला पैसे कामाच्या टप्प्याने द्यावेत आणि शेवटची रक्कम पहिल्या पावसानंतर द्यायची असे आधीच ठरवावे. आमचा मिस्त्री कुरकुरला, पण तयार झाला.

भाडेकरू ठेवताना

दलालाने पहिलाच प्रश्न विचारला, "कोणते लोक चालतील?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. १९८९ साली लग्नानंतर आम्ही भाड्याची खोली शोधीत फिरलो होतो. दोन ठिकाणी भाडे ठरले, किल्ली दाखविली गेली आणि आडनाव सांगताच "मालकांचे पाहुणे येणार आहेत" असे उत्तर मिळाले. तिसऱ्या वेळी आम्ही आडनाव सांगायचेच टाळले, आणि त्या खोटेपणाची टोचणी बरीच वर्षे राहिली. आम्ही दलालाला सांगितले, "पगाराची चिठ्ठी आणि आधार कार्ड पाहा. आडनाव आणि चुलीवर काय शिजते ते विचारू नका." तो हसला, पण त्याने तसे केले.

एमआयडीसीत काम करणारे एक जोडपे आले. अकरा महिन्यांचा भाडेकरार केला आणि नोंदविला. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार नोंदविण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदविला नाही तर शिक्षा आहेच, शिवाय वाद झाल्यास भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. आता ही नोंदणी घरबसल्या होते आणि खर्चही थोडा येतो. पोलीस ठाण्यात माहिती दिली. सोसायटी भाडेकरूबद्दल जे जादा शुल्क घेते ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असा शासनाचा आदेश २००१ पासून आहे. आमच्याकडे दुप्पट मागितले होते, आदेशाची प्रत दाखविताच कमी केले.

२०२० च्या टाळेबंदीत त्या भाडेकरूची कंपनी बंद पडली. तीन महिने भाडे वसुली पुढे ढकलावी अशी सूचना शासनाने एप्रिलमध्ये घरमालकांना केली होती. खरे सांगायचे तर सूचना नसती तरी आम्ही मागितले नसते. बाजूला ठेवलेल्या सहा हप्त्यांनी त्या वेळी आम्हाला तारले. बँकेची हप्ते थांबविण्याची सवलत आम्ही घेतली नाही, कारण व्याज चढतच होते. काम सुरू झाल्यावर त्या माणसाने राहिलेले भाडे महिन्याला हजार-हजार करून फेडले. आजही तेच कुटुंब तेथे आहे.

कर्ज २०२४ मध्ये मुदतीआधी फिटले. कर्ज संपल्यावर बँकेकडून मूळ कागद मोजून घ्यावेत. १ डिसेंबर २०२३ पासून तीस दिवसांच्या आत ते परत करण्याचे बंधन आहे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी लागते.

त्या घराच्या भाड्याचा पहिला पैसा आम्ही घरात खर्च केला नाही. वेगळ्या खात्यात ठेवीत गेलो. २०२१ च्या अखेरीस एक लाख पूर्ण झाले तेव्हा वहिनींकडे गेलो. त्यांनी पैसे घेतले, मोजले नाहीत, पदराने डोळे पुसले. मुलगी तोपर्यंत नर्स होऊन नोकरीला लागली होती.

गेल्या महिन्यात वहिनींचा फोन आला. मुलीने अंबरनाथला एक घर पाहिले आहे. आम्ही म्हणालो, "वहिनी, आम्ही येतो आणि कागद पाहतो." त्या म्हणाल्या, "या, भाऊजी. पण कचेरीत मीही येणार. या वेळी मीही पाहते."